कमालभाईंची पेटी आणि पोशीरची हळद

कमालभाई कुठलीही वस्तू आधी कानाशी नेतात. कलिंगड, गॅसचा सिलिंडर, खिळा ठोकायच्या आधी भिंत. दूधवाल्याची मोटरसायकल वळणावर असतानाच तिची चेन सैल झाल्याचं ते सांगतात, आणि दूधवाला मुकाट्याने चेन आवळून घेतो. त्यांची बायको आयशाबी म्हणतात, "मला तेवढं लगनाच्या आधी ठोकून बघितलं नाय. ऱ्हाऊन गेलं." यावर कमालभाईंचं ठरलेलं उत्तर आहे. "ठोकायची गरज नव्हती. आवाज लांबूनच येत व्हता."

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर आहे. अर्ध्यावर कौलं, अर्ध्यावर पत्रा. वय बाहत्तर. पंचाहत्तर साली त्यांनी कल्याणच्या एका दुकानात वर्षभर काम शिकून 'कमाल लाऊडस्पीकर सर्विस' काढली. सर्विस म्हणजे एक पेटी, दोन भोंगे, एक माइक आणि ते स्वतः. शेलूपासून पार तिकडे लोधिवलीपर्यंत लग्नं, उरूस, पूजा, ग्रामपंचायतीच्या सभा, सगळ्यांचा आवाज त्यांनी बैलगाडीतून वाहून नेला.

पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. काचेच्या व्हॉल्व्हचा, बसलेल्या मांजराएवढा आणि वजनाला बकरीएवढा. लोकांना ॲम्प्लिफायर म्हणता येत नव्हतं असं नाही, पण पेटी म्हटलं की ती आपली वाटायची. माघातल्या हळदीला थंडी पडली की म्हाताऱ्या बायका पेटीभोवती बसत आणि वरच्या जाळीवर हात शेकत. आत व्हॉल्व्ह केशरी पेटलेले असत. अठ्ठ्याऐंशी साली नवीन हलक्या मशिनी आल्या आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे कमालभाईंनी सर्विसही बंद केली. एक भोंगा विकला, एक ठेवला. पेटीला गिऱ्हाईक आलं तेव्हा ते म्हणाले, "बिघडलीय." बिघडलेली नव्हती.

जानेवारीच्या शेवटी जवळच्या पोशीर गावची आरोही त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. धोंडूबाईंची नात. बदलापूरला औषधांच्या दुकानात कामाला आहे, आणि पंचवीस दिवसांवर तिचं लग्न होतं.

"चाचा, तुमची पेटी हाय का अजून?"

"का गं? भंगारवाला आलाय का?"

"आजी धवला म्हनायला तयार नाय. म्हनते, कमालची पेटी आसंल तं म्हनीन. नायतर घरात बसून गोधडी शिवीन."

धोंडूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्या भागातल्या जुन्या धवलारणींपैकी शेवटच्या. लग्नाचे विधी सुरू होताना धवलारीण गाण्यातून एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलावते. उंबराला, नदीला, डोंगरावरच्या देवाला, गेलेल्या माणसांना. आरोहीच्या आईची हळद धोंडूबाईंनी गायली होती, आत्यांची गायली होती. गावातल्या निम्म्या बायकांचं लग्न त्यांच्या तोंडून लागलेलं. मग दोन वर्षांपूर्वी काहीतरी झालं आणि त्यांनी गाणं सोडलं.

काय झालं ते कमालभाईंना ठाऊक होतं, सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. तरी त्यांनी आरोहीकडून ते पुन्हा ऐकलं, कारण ऐकायला मजा यायची. धोंडूबाईंचा नातू ऋषिकेश, आरोहीचा चुलत भाऊ, डीजे चालवतो. त्याने आजीच्या हौसेने तिला माइक दिला आणि आणखी हौसेने त्यात इको टाकला. आजीने उंबराला हाक मारली. स्पीकरच्या भिंतीएवढ्या डब्यांमधून ती हाक तीनदा बाहेर आली. आजीने मागे वळून पाहिलं. पुन्हा हाक मारली, पुन्हा तीनदा. मांडव हसायला लागला. आजी माइक पाटावर ठेवून उठली आणि म्हणाली, "देवाला येकदा बोलावला का तो येतो. तीनदा बोलावला तं त्याला वाटंल घराला आग लागलीय." आणि घरी निघून गेली. तेव्हापासून नाही.

"ऋषी बोलतो, इको बंद ठेवतो," आरोही म्हणाली. "पन आजीचा त्याच्या डब्यावर इश्वासच नाय. चाचा, माझ्या आईची हळद तिनं गायली. माझ्याच टायमाला मोबाईलवर गाणी लावायची का?"

कमालभाई म्हणाले, "आजीला सांग, पेटी येते."

आरोही गेल्यावर आयशाबी आतून आल्या. "पेटी चालू हाय का नाय, बघितली?"

"आता बघतो."

"आधी जबान, मंग बघनं. सारी उमर असंच."

पेटी माळ्यावरून उतरली तेव्हा तिच्यावर छत्तीस वर्षांची धूळ होती, उंदरांनी कुरतडलेलं जाळीमागचं कापड होतं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या कडेला कुंभारमाशीने बांधलेली मातीची चार घरं होती, सुबक, एकाला एक लागून. कमालभाईंनी ती मोडली नाहीत. सुरीने सोडवून खिडकीत ठेवली. रिकामी होती, पण कुणी बांधलेलं घर फेकून द्यायला त्यांचा हात होईना.

मग त्यांनी खालची पत्र्याची पाटी काढली. पेटीचं पोट उघडं झालं. वायरींचा गुंता, मेण पाझरलेले कागदी कंडेन्सर, आणि वायरी जोडणारे कथलाचे डाग. या डागांमधून त्यांचं अख्खं तरुणपण दिसत होतं. कारखान्यातले डाग गोल आणि सारखे. मधे कधी बिघडली तेव्हा दुसऱ्या एका मेकॅनिकने मारलेले डाग फुगीर, कावळ्याने शिटल्यासारखे. आणि त्यांचे स्वतःचे. ते लगेच ओळखू येत. बारीक, चमकदार, टोकाला किंचित वळलेले. "हा माझा," ते प्रत्येकावर बोट ठेवून म्हणत. "याला हात लावायची गरज नाय."

आयशाबी बाजूला बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. "सही केल्यावानी सांगताय."

"सहीच हाय."

माणूस दुसऱ्याचं काम तपासताना डोळे बारीक करतो. स्वतःचं जुनं काम समोर आलं की त्याचे डोळे मोठे होतात, फोटो बघताना होतात तसे. कमालभाईंनी त्या दिवशी पेटीतला प्रत्येक परका डाग तपासला आणि आपल्या प्रत्येक डागाकडे नुसतं कौतुकाने पाहिलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

बारा दिवस खिडकीजवळच्या टेबलावर काम चाललं. जुने कंडेन्सर काढले, नवे घातले. कडक झालेल्या वायरी बदलल्या. व्हॉल्व्हचे पाय खोडरबराने घासले. कथलाबरोबर राळ जळायची, तिचा धूर स्वयंपाकघरात जायचा, आणि एका दुपारी आयशाबींनी ताट पुढे ठेवून सांगितलं, "बोंबलात राळ उतरलीय. चांगली लागली तं सांगा, रोज घालीन."

तेराव्या दिवशी कमालभाईंनी सिरीजचा बल्ब लावला. जुन्या पेटीला पहिल्यांदा सरळ लाईट द्यायची नसते. वाटेत एक मोठा बल्ब बसवायचा, म्हणजे आत काही जळत असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पेटी वाचते. त्यांनी दोनशे वॅटचा जुना काचेचा बल्ब लावला. बटन दाबलं. बल्ब लालसर पेटला आणि तसाच मंद राहिला. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. येक, दोन, तीन."

भोंगा ओट्याच्या खांबाला बांधलेला होता. आवाज बाहेर पडला आणि समोरच्या शेतातले बगळे उठले. कमालभाईंचा आवाज होता, पण पन्नास वर्षांपूर्वीचा. निदान आयशाबींना तसं वाटलं. त्या शेंगांची परात बाजूला ठेवून दारात आल्या.

"माझं नाव घ्या."

"आयशाबी कमाल," भोंगा म्हणाला. "त्यांना घरी बोलावलंय. जेवन करपलं."

"मेल्याहो!" म्हणत त्या आत पळाल्या. काही करपलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आरोहीला फोन गेला. पेटी झाली. तिकडून आजीचा निरोप आला: उंबराला सांगून ठेवते. मांडवाच्या मेढीसाठी, म्हणजे मुख्य खांबासाठी, ज्या उंबराची फांदी तोडायची, त्याला आधी जाऊन आमंत्रण द्यायची तिकडची रीत आहे. अक्षता ठेवून, हात जोडून. एकदा झाडाला सांगितलं की मागे फिरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कमालभाईंनी बल्ब काढला आणि पेटी सरळ लाईटवर लावली.

पहिली दोन मिनिटं ती दणक्यात बोलली. मग पोटातून घुरघुर सुरू झाली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. ट्रान्सफॉर्मर हात लावू देईना. कमालभाई जाळीतून वाकून पाहतात तर दोन मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा मधोमध लाल झालेला, चुलीवरच्या तव्यासारखा. ते बटनाकडे हात नेतायत तोवर फ्यूज गेला. दोन्ही व्हॉल्व्ह मेले होते.

"वय झालं व्हतं बिचाऱ्यांचं," ते म्हणाले. कल्याणला त्यांच्या जुन्या दुकानाच्या मालकाचा मुलगा अजून असल्या वस्तू डब्यात जपून ठेवतो. कमालभाई जाऊन एक जोडी घेऊन आले. त्याने बजावलं, "चाचा, हीच शेवटची. यानंतर माझ्याकडे नाही, आणि कुणाकडे आहे ते मला माहीत नाही."

नवी जोडी बसवली. बल्बावर पेटी गोड बोलली. बल्ब काढला, सरळ लावली, आणि चौथ्या मिनिटाला पत्रा लाल व्हायला लागला. या वेळी कमालभाईंचा हात बटनावरच होता. जोडी वाचली.

पुन्हा सगळं उघडलं. काटेवाल्या जुन्या मीटरने ते एकेक जागा मोजत गेले. काटा सगळीकडे पुढे पळत होता. "मीटर म्हातारा झालाय," ते म्हणाले, "जास्तच बोलतो." आणि मीटर बाजूला ठेवला. नव्या कंडेन्सरवर संशय घेतला, ते बदलले. कारखान्याच्या डागांवर घेतला, ते पुन्हा मारले. त्या दुसऱ्या मेकॅनिकला त्याच्या पश्चात बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. बल्बावर पेटी देवमाणूस, बल्बाशिवाय भूत. असं का, हे त्यांना उमगेना. हळद पाच दिवसांवर आली.

त्या पाच दिवसांतला पहिला दिवस त्यांनी कशालाच हात लावला नाही. टेबलावर पेटी उताणी पडलेली, आणि माणूस तिच्यासमोर खुर्चीत, हात मांडीवर. यंत्र बिघडतं तेव्हा ते आपल्याशी बोलायचं थांबवतं, एवढंच असतं तर सोसलं असतं. ही तर बोलत होती, आणि काय बोलते ते जवळजवळ पन्नास वर्षं तिच्याबरोबर राहिलेल्या माणसाला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऋषिकेश आला. दंडावर गोंदलेलं, कानात बाळी, पण कमालभाईंसमोर खुर्चीत न बसता खाली जमिनीवर बसला. कमालभाईंच्या भोंग्याखालीच तो लहानाचा मोठा झाला होता.

"चाचा, राग नका मानू. माझा मिक्सर घ्या. इको बंद, सगळा बंद. साधा आवाज देतो."

"तुझ्या आजीला इचारलंस?"

"इचारलं."

"काय बोलली?"

ऋषिकेशने मान खाजवली. "बोलली, तुझ्या डब्यात देव ऱ्हात नाय, भाडेकरू ऱ्हातात."

कमालभाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. ऋषिकेशही हसला, मग गंभीर होऊन म्हणाला, "चूक माझीच व्हती ना. माझ्यामुळं ती गायाची थांबली. आता तुमची पेटी पन नाय चालली तं ती कायमचीच गप बसंल. मला तेच नको हाय."

"चालंल," कमालभाई म्हणाले. पण तो गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "चौऱ्याऐंशी वर्सांच्या बाईला नाय कसं सांगायचं गं?"

"सांगू नका. अजून तीन दिस हायेत."

"आन् तीन दिसांनी?"

"मंग मी सांगन. माझं ती ऐकते." आयशाबींनी बल्ब पुढे सरकवला. "तुमी लावा बघू पुन्हा एकदा. बल्बावर. निदान ऐकू तरी या."

कारण नव्हतं. पण त्यांनी लावली. संध्याकाळचे पाच वाजले होते, खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलेलं. दोनशेचा बल्ब लालसर पेटला. कमालभाईंनी माइकसमोर मोबाईल धरून बातम्या लावल्या आणि बातम्यासुद्धा गोड वाटू लागल्या.

आयशाबी पेटीकडे पाहत नव्हत्या. त्या बल्बाकडे पाहत होत्या. मग एकदम हसल्या.

"काय झालं?"

"काय नाय. पोशीरची लाईट आठवली."

"कंची?"

"आपलं लगीन झालं त्या वर्सी. तुमी मला हळदीला नेलं न्हवतं का, बैलगाडीतून? धोंडूबायच्या नणंदेची हळद. मला कोन वळखत नव्हतं. तुमी मला पेटीपाशी बसवलं नि बोललात, इथून हालू नको. मी काय करू? वर बल्ब व्हता. लाईट अशी व्हती, अशीच, लाल लाल. बल्बातली तार दिसायची. मी बसल्या बसल्या तारेचे येढे मोजले. येकतीस." त्यांनी बोट वर केलं. "बगा. आता पन मोजता येतील."

कमालभाईंनी बल्बाकडे पाहिलं. तार स्पष्ट दिसत होती, जळत्या उदबत्तीच्या टोकासारखी. मग त्यांनी पेटीकडे पाहिलं, जी या बल्बाच्या वाटेने उरलीसुरली लाईट घेऊन सुखाने बातम्या देत होती. त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

"आयशा," ते म्हणाले, "मी गाढव हाय."

"ते मला येकतीस येढे मोजतानाच कळलं व्हतं. आता काय नवीन?"

पेटी बंद झाली, उलटी झाली, पत्रा निघाला. ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी पितळेच्या चार खुंट्या एका ओळीत होत्या. प्रत्येकीजवळ आकडा कोरलेला. दोनशे चाळीस, दोनशे वीस, दोनशे, एकशे ऐंशी. ज्या गावात जेवढी लाईट येते तेवढ्या आकड्यावर वायर जोडायची, म्हणजे पेटीला आपला घास बरोबर मिळतो. वायर शेवटच्या खुंटीवर होती. एकशे ऐंशीवर. आणि तिथला डाग बारीक होता, चमकदार, टोकाला किंचित वळलेला.

अठ्ठ्याहत्तर साल. लग्नाच्या हंगामात पोशीरला लाईट एवढी खाली यायची की पेटी मरगळायची. कमालभाईंनी एका सकाळी मांडवामागे बसून वायर एकशे ऐंशीवर घेतली, डाग मारला, पेटी खणखणीत बोलली, आणि धोंडूबाईंची हाक डोंगरापर्यंत गेली. त्या वर्षी तालुकाभर त्यांचं नाव झालं. मग पेटी माळ्यावर गेली, गावात नवे खांब आले, नवा डीपी आला, लाईट दोनशे पंचेचाळीसपर्यंत चढली. हे पेटीला कुणी सांगितलं नाही. ती अजून त्या वर्षाच्या अंधारासाठी तयार बसली होती, आणि तिच्या तोंडात आजचा घास कोंबला जात होता.

मीटर खरं बोलत होता. कंडेन्सर चांगले होते. त्या दुसऱ्या मेकॅनिकचे डाग दिसायला वाईट, पण पक्के होते. अख्ख्या पेटीत एकच डाग चुकीच्या जागी होता, आणि त्याच्यावर त्यांनी तीन वेळा बोट ठेवून "हा माझा" म्हटलं होतं.

त्यांनी इस्त्री तापवली, म्हणजे कथील वितळवायची. स्वतःचा डाग वितळवला. थेंब चमकला, सुटला. वायर दोनशे चाळीसवर गेली. मग बल्बाशिवाय, सरळ लाईटवर, पेटी एक तास चालली. आयशाबींनी जाळीवर तळहात ठेवला.

"कशी हाय?"

"ताप उतरलाय."

हळदीच्या दिवशी टेंपो दुपारी पोशीरला पोचला. पेटी आयशाबींच्या मांडीवर होती, गोधडीत गुंडाळलेली. मांडवात उंबराची मेढ सकाळीच उभी राहिली होती, पानांसकट. ऋषिकेशने बनियनवर आंब्यावर चढून भोंगा बांधला आणि वरून ओरडला, "चाचा, तोंड कुठं करू?"

"डोंगराकडं!"

चार वाजता हळद कुटायची होती. कमालभाईंनी पेटी पाटावर ठेवली आणि तिच्या वर बांबूला तोच दोनशेचा बल्ब टांगला, आता नुसता दिव्यासारखा, गावच्या लाईटवर. "मीटर नको," ते म्हणाले, "लाईट कशी हाय ते हाच सांगंल." धोंडूबाईंना दोन सुनांनी धरून आणलं. हिरवं लुगडं, वाकलेली पाठ, डोळे मात्र सुईसारखे. त्या पेटीसमोर बसल्या. आधी जाळीवर तळहात ठेवला, मग दुसरा, आणि तसेच ठेवून बसल्या.

"कमाल, मला वाटला तू इकून खाल्लीस."

"तुमी जित्त्या आसताना कशी इकू, धोंडूबाय?"

"मंग अजून धा वर्सा नको इकूस."

मांडव हसला. आरोही पाटावर बसली, पिवळी साडी, डोळे खाली. बायकांनी मुसळं उचलली. कमालभाईंनी माइक पुढे केला. धोंडूबाईंनी घसा साफ केला, आणि तो खोकलासुद्धा भोंग्यातून स्पष्ट, एकदाच, बाहेर पडला. त्यांनी कान देऊन ऐकलं. परत आला नाही. त्यांनी मान डोलावली आणि पहिली ओळ उचलली.

आवाज मेला होता. खरखरीत, दबलेला, चादरीखालून आल्यासारखा. कमालभाईंनी बटन फिरवलं, उपयोग नाही. धोंडूबाई थांबल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दोन वर्षांपूर्वीचं हसू कुठूनतरी पुन्हा यायच्या बेतात होतं.

"अवो," आयशाबी पेटीशेजारून म्हणाल्या, "तार दिसाया लागली."

त्यांनी वर पाहिलं. दोनशेचा बल्ब लाल झाला होता. वेढे मोजता येत होते. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऋषिकेशच्या पोरांनी रात्रीच्या तयारीसाठी आठ डबे आणि बारा मोठे दिवे एकदम चालू केले होते, आणि गावातली सगळी लाईट तिकडे ओढली जात होती. पोशीर पुन्हा अठ्ठ्याहत्तर सालात गेलं होतं.

"ऋषी!" कमालभाई उभे राहून ओरडले. "तुझी जत्रा बंद कर! सगळी!"

ऋषिकेश एका उडीत तिकडे पोचला. "बंद करा रं! दिवे पन! मिक्सर पन!" एक पोरगा म्हणाला, "भाई, टेस्टिंग चालू हाय." ऋषिकेशने स्वतः मुख्य बटन खाली ओढलं. डब्यांचा जो बारीक गुरगुराट कुणाच्या ध्यानातही आला नव्हता तो थांबला आणि मांडव इतका शांत झाला की मेढीवरची उंबराची पानं हलताना ऐकू आली.

"आजी," ऋषिकेश तिथूनच म्हणाला, "आता म्हन. रात्रीपर्यंत मी काय चालू करीत नाय."

"भाडेकरू गेले काय?"

"गेले. घर खाली केलं."

धोंडूबाईंनी पुन्हा तीच ओळ उचलली. या वेळी ती आंब्यावर चढली, भोंग्यातून निघाली आणि भातकापणी झालेल्या मोकळ्या शेतांवरून सरळ डोंगराकडे गेली. आवाज चौऱ्याऐंशी वर्षांचा होता, आणि पेटीने तो तेवढ्याच वयाचा ठेवला होता. कापरा, दोन ठिकाणी चिरलेला, पण त्यांचाच. त्यांनी उंबराला बोलावलं. उल्हास नदीला बोलावलं. डोंगरावरच्या देवाला, शिवेवरच्या देवाला, गेलेल्या सासऱ्याला, नणंदेला. प्रत्येकाला एकदा. मुसळं उखळात पडत होती आणि आरोही खाली मान घालून हसत होती आणि रडत होती, काय करावं ते तिचं ठरत नव्हतं.

मग धवल्यात मांडवाला वस्तू आणणाऱ्यांची नावं सुरू झाली. मडकी आणली कुंभाराने, बांबू आणले बुरुडाने. धोंडूबाईंनी श्वास घेतला, डोळे बारीक करून पेटीकडे पाहिलं आणि त्याच चालीत गायलं की पेटी आणली कमालनं, नेरळच्या कमालनं, आणि संगतीला आयशा आणली.

कमालभाईंनी उगाचच एक बटन हलवून पुन्हा होतं तिथे आणलं. आयशाबी पेटीला टेकून बसल्या होत्या, जिथे कुणीतरी कधीतरी त्यांना हालू नको म्हणून बसवलं होतं.

"तार दिसते का गं?" कमालभाईंनी हळूच विचारलं.

आयशाबींनी वर बघितलं. बल्ब नुसता पांढरा लखलखीत होता, डोळे दिपवणारा.

"नाय," त्या म्हणाल्या. "आन् हळू बोला. माइक चालू हाय."

ते खरं होतं. सगळ्या पोशीरने ते ऐकलं. आणि एकदा धवला रंगला की कधीही मधे न थांबणाऱ्या धोंडूबाई हसण्यासाठी एक ओळ थांबल्या.